मालकांच्या बाजूनं वकिली करू का?

पत्र

"सर, मी कुपवाडची, वय २७. सांगलीच्या न्यायालयात तीन वर्षं दिवाणीची छोटी-मोठी कामं करते. बराचसा वेळ तारखा घेण्यात आणि पुरसिस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) देण्यात जातो. आता एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांच्याकडे यायला सांगितलं आहे. त्यांची सगळी वकिली कामगार कायद्याची, आणि तीही मालकांच्या बाजूची. एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्या, दोन साखर कारखाने, एक सहकारी बँक अशी पक्षकार मंडळी. दरमहा ठरलेली रक्कम मिळेल, काम शिकायला मिळेल.

अडचण घरात आहे. आजोबा मुंबईत गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ते गावी, खानापूर तालुक्यात परतले ते कायमचेच. बाबा कुपवाडच्या एका फाउंड्रीत मोल्डर (साचे करणारे) होते, युनियनच्या कमिटीत होते. २००४ साली त्यांना काढलं. कामगार न्यायालयात ते जिंकले. कंपनी हायकोर्टात गेली, स्थगिती आली, आणि २०१३ साली थोडी रक्कम घेऊन त्यांनी तडजोड केली. माझं शिक्षण आईच्या शिवणकामावर झालं. या कामाचं सांगितल्यावर बाबा एवढंच म्हणाले, 'आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देणार का?' आठवडा झाला, आमच्यात बोलणं नाही.

मला हे काम आवडेल असं वाटतं, आणि तसं वाटण्याचीच लाज वाटते. हे चुकीचं आहे का? नव्या कामगार संहितांनंतर या कामाला भविष्य आहे का? आणि उद्या मन बदललं तर कामगारांची वकीलपत्रं घेता येतील का?"

— एक वकील, कुपवाड

उत्तर

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. हे काम चुकीचं नाही. तुम्ही ते घ्यावं असंच मला वाटतं. मात्र ज्यांच्याकडे जाणार आहात ते कसं काम करतात हे नीट पाहून घ्या. मालकांची वकिली दोन तऱ्हांनी चालते आणि त्यातली एक तऱ्हा तुमच्या घरानं नऊ वर्षं सोसली आहे. माझी सारी उमेद या जिल्ह्यात व्यवस्थापनाच्या बाजूनं वकिली करण्यात गेली, त्यामुळे हे काठावर बसलेल्याचं बोलणं समजू नका.

बाबांच्या प्रश्नाला बगल देऊन पुढं जाता येणार नाही. पत्र वाचताना मला जाणवलं ते असं, की त्यांना काढलं याहूनही, जिंकल्यावर हातात काही पडलं नाही याचा घाव मोठा आहे. कामगार न्यायालयानं 'कामावर घ्या' म्हटलं आणि तरी माणूस गेटच्या बाहेरच राहिला. औद्योगिक विवाद कायद्यात यासाठी कलम १७ब होतं. पुन्हा कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक हायकोर्टात गेला, तर प्रकरण चालू असेपर्यंत कामगाराला शेवटच्या पगाराइतकी रक्कम द्यायची. कामगारानं आपण दुसरीकडे नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र करायचं. बाबांना ती रक्कम मिळाली होती का, हे तुमच्या पत्रात नाही. त्यांना विचारा. मिळाली नसेल तर का मिळाली नाही, अर्ज कुणी केला, कुणी केला नाही, कंपनीच्या वकिलानं काय उत्तर दिलं, हे सगळं विचारा. वकील म्हणून विचारलंत तर कदाचित ते बोलतील. मुलगी म्हणून समजूत घालायला गेलात तर गप्पच राहतील.

मालकाच्या वकिलाची वाईट तऱ्हा म्हणजे उशीर विकणं. कामगाराकडं पैसा नाही, घर चालवायचंय, तो दोन-चार वर्षांत थकेल आणि मिळेल ते घेऊन सही करेल, हा हिशेब मालकाला समजावून सांगणारे वकील आहेत. साक्षीदार आजारी पडतो, मूळ कागद 'हेड ऑफिसला' असतात, कैफियत (लेखी उत्तर) द्यायलाच सहा तारखा जातात. मला ही वकिली नीच वाटते आणि ती मालकाच्याही हिताची नसते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की बेकायदा काढलेल्या माणसाला मागील पगारासह कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. माणसानं आपण बेकार होतो असं शपथेवर सांगितलं, की तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे उशिराचं प्रत्येक वर्ष मालकाच्याच डोक्यावर व्याजासारखं चढतं. चाळीस माणसांच्या फाउंड्रीला दहा वर्षांचा मागील पगार एकदम द्यावा लागला तर काय होतं, हे मी पाहिलं आहे. त्यात उरलेल्या एकोणचाळीस जणांचीही नोकरी डगमगते.

दुसरी तऱ्हा शिकायची असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्ही महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे, आणि दोन्हीत कामगार कामाच्या वेळी झोपलेले सापडले होते.

पहिला कलर-केम कंपनीचा, १९९८चा. रात्रपाळीत कामगार झोपलेले आढळले, कंपनीनं बडतर्फ केलं. न्यायालय म्हणालं, गैरवर्तन झालं हे खरं, पण त्यासाठी नोकरीच घालवणं ही शिक्षा इतकी अवाजवी आहे की ती अनुचित कामगार प्रथाच ठरते. दुसरा भारत फोर्जचा, २००५चा. पहिल्या पाळीत, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी हेल्पर लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. इथं मात्र बडतर्फी कायम झाली. फरक कुठं पडला? त्या कामगाराला आधी तीन वेळा गैरवर्तनाबद्दल किरकोळ शिक्षा झालेली होती आणि ते कागदावर होतं. कंपनीनं सुधारायची संधी दिली होती, प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं, रीतसर चौकशी केली होती.

आता या दुसऱ्या निकालातल्या तारखा बघा. घटना ऑगस्ट १९८३ची, अखेरचा निकाल जानेवारी २००५चा. मधल्या न्यायालयांनी कधी निम्म्या मागील पगारासह कामावर घ्या म्हटलं, कधी ठोक रक्कम द्या म्हटलं. कंपनी शेवटी जिंकली, पण एकवीस वर्षांहून जास्त काळानं. एवढ्या अवधीत तो माणूस तरुणाचा प्रौढ झाला असेल आणि त्याला काढणारे अधिकारी निवृत्त झाले असतील. कायदेशीर विजय म्हणून हा निकाल मी अनेकदा न्यायालयात वाचून दाखवला आहे, आणि दर वेळी त्या दोन तारखांपाशी थांबलो आहे.

या दोन निकालांवरून तुमचं खरं काम कळेल. मालकाच्या वकिलाचं महत्त्वाचं काम न्यायालयात होतच नाही. ते होतं एमआयडीसीतल्या त्या केबिनमध्ये, जिथं पर्सोनेल मॅनेजर संतापून फोन करतो, "मॅडम, याला आजच काढायचाय, पत्र तयार करा." त्या क्षणी कामगाराला माहीतही नसतं की त्याच्या नावाची फाईल उघडली आहे. फाईल तुमच्यासमोर असते. कारणे दाखवा नोटीस द्यायची का, आरोपपत्रात काय लिहायचं, निलंबित करायचं का, चौकशी अधिकारी कोण, हे सगळं तुमच्या सल्ल्यानं ठरतं. त्याचं म्हणणं कुणी तरी नीट ऐकलं की नाही, हे पुढं दहा वर्षांनी न्यायाधीश तपासणार. पण ते ऐकलं जाईल अशी व्यवस्था त्या आठवड्यात फक्त तुम्ही करू शकता. कामगाराच्या वकिलाला ही संधी कधीच मिळत नाही. त्याच्याकडे माणूस येतो तेव्हा नोकरी गेलेली असते.

म्हणून खात्यांतर्गत चौकशी मन लावून शिका. आरोपपत्र असं हवं की आठवी शिकलेल्या माणसाला आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे कळावं. "शिस्तभंग केला" एवढं पुरत नाही. तारीख, पाळी, मशीन, कुणासमोर काय झालं, सगळं मराठीत, साध्या शब्दांत. चौकशी अधिकारी म्हणून तक्रार करणाऱ्या मॅनेजरच्याच मित्राला बसवू नका. निलंबन असेल तर निर्वाह भत्ता वेळेवर गेलाच पाहिजे, पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि त्यापुढे, उशीर कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के. भत्ता अडवून चौकशी चालवली तर पुढं ती टिकणं कठीण होतं. अडवू नका हे सांगायला मात्र कायद्याची गरज नसावी, त्या भत्त्यावर घरातली चूल असते. आणि बाजू मांडायला स्वतः चौकशीत उभ्या राहणार असाल तर समोरच्यालाही वकील मिळू द्या. मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की मालकाकडून कायद्याचा जाणकार उभा असेल आणि कामगाराला वकील नाकारला, तर ती चौकशी नैसर्गिक न्यायाला धरून होत नाही.

समेटाची गंमत तुम्हाला दिवाणीत कळली नसेल. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे समेट अधिकाऱ्यासमोर वकिलाला उभंच राहता येत नव्हतं, आणि कामगार न्यायालयातही समोरच्याची संमती नि न्यायालयाची परवानगी लागे. त्यामुळे मालकांच्या चांगल्या वकिलानं नेहमीच मॅनेजरला तयार करून पाठवायचं काम केलं आहे. काय बोलायचं, कुठं थांबायचं, कोणता आकडा पहिल्या दिवशी बोलायचा नाही. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून आत काय चाललंय याचा अंदाज घेणं, हाही या धंद्याचा भाग आहे.

तुम्ही मोल्डरची मुलगी आहात, ही इथं तुमची जमेची बाजू आहे. फाउंड्रीत साचा का बसला, हीट (वितळवलेल्या धातूची खेप) का वाया गेली, पाळी बदलताना भांडण का होतं, फेटलिंगच्या (ओतीव माल घासून साफ करण्याच्या) माणसाला मार्चमध्ये सुट्टी का लागते, हे तुम्ही जेवताना ऐकलेलं आहे. बड्या शहरातून कायदा शिकून आलेल्या मुलांना हजेरीपत्रक वाचता येत नाही. 'डब्बल' म्हणजे काय ते कळत नाही. साक्षीदार मुकादम खरं बोलतोय की मालकानं पढवलंय, हे ओळखता आलं पाहिजे, आणि मालकाच्या वकिलाला ते आधी ओळखता आलं पाहिजे. पढवलेला साक्षीदार उलटतपासात फुटतो आणि सोबत अख्खं प्रकरण घेऊन बुडतो.

तुमच्या जिल्ह्यातले मालकही एकसारखे नाहीत. कुपवाड-मिरजेतला लहान फाउंड्रीवाला पुष्कळदा स्वतःच कधी काळी कामगार होता. त्याला कायद्याचा राग येतो, कारण तो सगळ्यांना नावानं ओळखतो, लग्नाला आहेर करतो, आणि 'मी माझ्या माणसाला काढलं तर विचारणारं कोर्ट कोण' असं त्याला मनापासून वाटतं. त्याला समजावण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल. विट्याचा यंत्रमागवाला वेगळा, सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या वेगळा. तिथं हमालांसाठी १९६९चा माथाडी कायदा आहे. कृष्णाकाठच्या याच पट्ट्यात १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत एकत्र उभी केली. त्यामुळे कामगाराला घर, शाळा, पाणी देणं ही मालकाची जबाबदारी मानणारी माणसं इथं पूर्वीपासून आहेत. त्यांची वकिली करायला मिळणं हा मान आहे.

साखर कारखान्याची गोष्ट निराळीच. तिथं तुमचा पक्षकार कोण? कागदावर संस्था, प्रत्यक्षात संचालक मंडळ, आणि ते निवडणुकीनं बदलतं. गेल्या पॅनेलनं भरलेली माणसं नव्या पॅनेलला नकोशी होतात आणि तुमच्याकडे यादी येते. या यादीवर 'जादा मनुष्यबळ' असं शीर्षक असतं. शिवाय गळीत हंगाम, हंगामी कायम (दर हंगामाला परत येणारे) कर्मचारी, हंगाम नसतानाचा रिटेन्शन अलाउन्स, थकलेले पगार, हे सगळं त्यात आलंच. साखर कारखाने आणि सहकारी बँकांसारख्या उद्योगांना मुंबई (आता महाराष्ट्र) औद्योगिक संबंध अधिनियम १९४६ लागू आहे. तिथं कामगारानं आधी मालकाला अप्रोच लेटर द्यावं लागतं, मगच न्यायालय. ते पत्र आलं की मालक ते फाईलला लावून विसरतो. तुम्ही विसरू देऊ नका. निम्मी भांडणं त्या पत्राला माणुसकीनं उत्तर दिलं तर तिथंच मिटतात.

आता नकाराबद्दल. ज्येष्ठांकडे रुजू होण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा. "सर, गेल्या काही वर्षांत तुम्ही पक्षकाराला कशाला नाही म्हणालात?" उत्तर चटकन आलं तर निश्चिंत मनानं जा. त्यांना प्रश्नच कळला नाही, तर दरमहा मिळणाऱ्या रकमेचा मोह सोडा.

कशाकशाला नाही म्हणावं लागतं ते सांगतो. मालक विचारेल, "२४० दिवस भरायच्या आत ब्रेक दिला की झालं ना?" महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या नियमावलीत) मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस, हंगामी आस्थापनेत १९० दिवस काम भरलं की तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती, म्हणून हा ब्रेकचा उद्योग रुळला. पण १९७१च्या आपल्या एमआरटीयू-पल्प, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध, कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात सहावी बाब याच चलाखीसाठी आहे. कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी काम करणारा) किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. एसटीच्या कामगारांच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी प्रथा सिद्ध झाली तर कायम करण्याचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे. ब्रेकची तारीख लिहून देणारा वकील मालकाला पाच-सात वर्षांनी येणाऱ्या यूएलपीत, म्हणजे अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीत, ढकलत असतो. काम बारमाही असेल तर माणूस कायम करा, हंगामी असेल तर तसं नेमणूक पत्रात लिहा, हे सांगणं तुमचं काम.

दुसरं, नोकरीवर घेतानाच कोऱ्या कागदावर राजीनाम्याची सही. हे अजूनही चालतं. असा राजीनामा तुमच्या टेबलावर आला तर त्या फाईलला हातच लावू नका. यात मतभेदाला जागा नाही.

तिसरं अवघड आहे, कंत्राटी कामगार. २००१च्या सिप्ला निकालानंतर, मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर पल्प कायद्याखाली तक्रार चालत नाही, आधी नातं दुसरीकडे सिद्ध करून या, असं ठरलं. मालकांच्या वकिलांच्या हातात हे मोठं हत्यार आलं. ठेकेदार खरा असेल, त्याची माणसं खरंच त्याची असतील, तर हा मुद्दा घ्यायलाच हवा, आणि घ्या. पण वीस वर्षं एकाच मशीनवर, एकाच सुपरवायझरखाली असलेल्या माणसाचा 'ठेकेदार' दर तीन वर्षांनी कागदावर बदलत असेल, तर तुम्हाला खरं काय ते माहीत असतं. तिथं मी मालकाला तडजोडीकडे नेतो. तो आला नाही तर प्रकरण दुसऱ्याकडे द्यायला सांगतो. प्रत्येक वकील असं करतो असं म्हणणार नाही. तुमची रेघ तुम्हीच ठरवायची आहे, पण ती आधी ठरवा. प्रकरण हातात आल्यावर, फी घेतल्यावर ती ओढता येत नाही.

भविष्याचं विचारलंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनं १९२६चा कामगार संघटना कायदा, १९४६चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा असे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. आपला राज्याचा एमआरटीयू-पल्प त्या यादीत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात दोन्ही चौकटी एकत्र वाचायला शिकावं लागणार. जुन्या मंडळींना हे नवीन आहे, तुम्हालाही नवीन आहे. म्हणजे या एका बाबतीत तुम्ही त्यांच्या बरोबरीनं सुरुवात करताय. अशी वेळ वकिलीत क्वचित येते.

वाचताना मर्यादांकडे लक्ष द्या. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आणि स्थायी आदेश, दोन्हीची अट आता ३०० कामगारांवर गेली. केंद्रीय कायद्यात ती १०० होती. कुपवाडमधले बहुतेक कारखाने त्याखालीच. मालक खूश होऊन फोन करतील, "मॅडम, आता मोकळे झालो ना?" त्यांना सांगा, की स्थायी आदेश नसले तर शिस्तीचा सगळा भार नेमणूक पत्रावर येतो, आणि सुरक्षा संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यावंच लागतं. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत ते वर्षानुवर्षं दिलंच जात नाही. मराठीत, खरं, दोन पानांचं नेमणूक पत्र तयार करून देणं, हे तुमचं पहिलं वर्षभराचं काम होऊ शकेल, आणि त्यात कामगाराचंही भलं आहे.

बाकीचं भराभर सांगतो. काढलेल्या कामगाराला स्वतःहून न्यायाधिकरणात जायला आता तीन नव्हे, दोन वर्षांची मुदत आहे. संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना आली, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तरी तो संप धरला जाईल. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागं १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीसाठी द्यायची आहे, ती ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जायला हवी. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे फंड आणि ग्रॅच्युइटीचे सगळे हिशेब बदलतात, आणि पगारवाढीच्या करारांत पुढची भांडणं इथंच होणार आहेत.

आणखी एक बदल तुमच्या पिढीच्या वाट्याला आला. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. बाबांच्या वेळी कामगार न्यायालयाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात रिट अर्ज झाला की महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, मुंबईचा वकील, त्याची फी. कामगार तिथंच अर्धा हरायचा. आता सांगलीचा वकील सकाळी निघून कोल्हापुरात स्वतः युक्तिवाद करून संध्याकाळी घरी येतो. तुम्हीही ते शिका. ज्येष्ठांना विचारा, पहिल्या वर्षापासून रिटचे मसुदे मला करू द्याल का.

पैशाबद्दल एक सावधगिरी. ज्येष्ठांकडून किंवा पक्षकाराकडून दरमहा ठरलेली फी घेणं ठीक. पण एखादा कारखाना म्हणाला, "आमच्याच पगारावर लीगल ऑफिसर म्हणून या," तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. सनद स्थगित ठेवावी लागते. बँका आणि मोठे कारखाने हे असं बोलावतात तेव्हा सनदेचं कुणी बोलत नाही. आणि निकालावर अवलंबून असलेली फी, 'जिंकलो तर इतके टक्के', ही तर घ्यायचीच नाही.

शेवटी घराकडे येतो. बाबांची पूर्वीची कंपनी तुमच्या ज्येष्ठांची पक्षकार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. असेल तर त्या फायली तुमच्याकडे येणार नाहीत, हे तिथंच ठरवा. एरवीही कुठलीच फाईल घरी नेऊ नका आणि जेवताना कुठल्या कामगाराचं नाव काढू नका. बाबांच्या ओळखीची माणसं त्या गेटवर आजही आहेत. पक्षकाराचं गुपित राखणं आणि बाबांना शरमेत न टाकणं, दोन्ही त्यानं साधेल.

त्यांच्याशी बोलायचं असेल तर समर्थन करत बसू नका. कलर-केमचा आणि भारत फोर्जचा निकाल मराठीत समजावून सांगा आणि विचारा, "तुमच्या कमिटीत असा माणूस आला असता तर काय केलं असतंत?" युनियनच्या कमिटीत बसलेल्या माणसानं हे निर्णय घेतलेले असतात. कुठल्या माणसासाठी भांडायचं, कुणाला 'बाबा रे, तुझंच चुकलं' म्हणायचं, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. ते रागावतील, कदाचित मान्यही करणार नाहीत. त्यांनी मान्य करावंच असा हट्ट धरू नका. ज्या माणसाची नऊ वर्षं गेली त्याला मालकाच्या वकिलावर राग धरायचा हक्क आहे, तो वकील पोटची मुलगी असली तरी.

आणि मन बदललं तर? कायद्यानं आडकाठी नाही. ज्या प्रकरणात तुम्ही एका बाजूला सल्ला दिला किंवा कागद तयार केले, त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूनं उभं राहता येत नाही, आणि जुन्या पक्षकाराची गुपितं त्याच्याविरुद्ध कधीच वापरता येत नाहीत. एवढं पाळून कामगारांची वकीलपत्रं खुशाल घ्या. व्यवहारात मात्र युनियनची माणसं पहिली दोन-तीन वर्षं तुमच्याकडे संशयानं बघतील. ते बघणं कमी व्हावं असं वाटत असेल तर आजपासूनच समोरच्या बाजूच्या वकिलांना कागदांच्या प्रती वेळेवर द्या, खोटी तारीख मागू नका, आणि निकाल विरुद्ध गेला की देण्याचा चेक महिन्याच्या आत निघेल असं मालकाकडून करून घ्या. सांगलीच्या कामगार न्यायालयात उभी राहणारी मंडळी मोजकी आहेत. कोण कसं वागतं हे बाररूममध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.